बंगळुरूत ०-५: मुंबई सिटीचं नेमकं काय बिघडलं, आणि पुढच्या मोसमाआधी काय व्हायला हवं?

उत्तर_स्टँड (३० मार्च २०२५)

आज पाडवा, पण कालची मॅच डोक्यातून जात नाही. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची (आयएसएल) एकाच सामन्याची बाद फेरी होती. बंगळुरू ५, मुंबई सिटी ०. नवव्या मिनिटाला सुरेश वांगजाम, ४२ व्या मिनिटाला एडगर मेंडेसची पेनल्टी, ६२ व्या मिनिटाला रायन विल्यम्स, ७६ व्या मिनिटाला छेत्री आणि ८३ व्या मिनिटाला होर्हे पेरेरा डियाझ. पाचवा गोल सगळ्यात जास्त लागला, कारण मागच्या वर्षी ४ मे रोजी सॉल्ट लेकला मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात हाच डियाझ आपल्यासाठी गोल करत होता.

आणखी एक गोष्ट. ११ मार्चला याच मैदानावर, याच संघाला आपण लीगच्या शेवटच्या सामन्यात २-० हरवलं होतं. अठरा दिवसांत इतका फरक का पडला आणि पुढे काय करायचं, यावर हा धागा आहे. खेळाडूंना शिव्या घालायला दुसऱ्या जागा आहेत. इथे मुद्द्याचं बोलू.

---

पिव्होट६

कालच्या पाचांवर येऊच, पण त्याआधी तीन मोसमांचे लीगमधले गोल शेजारी शेजारी मांडा.

२०२२-२३: २० सामने, ५४ गोल केले, २१ खाल्ले.
२०२३-२४: २२ सामने, ४२ केले, १९ खाल्ले.
२०२४-२५: २४ सामने, २९ केले, २८ खाल्ले.

म्हणजे दर सामन्याला २.७ वरून १.९, आणि तिथून १.२. बचाव थोडा ढिला झाला हे खरं, पण पडझड झाली ती पुढच्या बाजूला. तिचं कारण शोधायला कालचा सामना परत बघायचीही गरज नाही, फक्त कोण कधी गेलं ते आठवा. २०२३ च्या उन्हाळ्यात अहमद जाहू ओडिशाला गेला. त्याच मोसमाच्या मध्यावर ग्रेग स्टुअर्ट गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानला, आणि नोगेरा, डियाझ, राहुल भेके असे तिघं एकाच क्लबला गेले. तो क्लब बंगळुरू.

जाहू मागून लांब पास द्यायचा. स्टुअर्ट आणि नोगेरा समोरच्यांच्या मिडफिल्ड आणि बचावफळीच्या मधल्या पट्टीत बॉल घ्यायचे, अर्ध्या वळणावर, आणि आपला विंगर छांगते याच्या धावेत सोडायचे. अपुइया दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मधली जमीन झाकायचा. डियाझ पाठीवर सेंटर बॅक घेऊन बॉल धरायचा आणि बॉल गेला की प्रेसची (पुढे धावून बॉल परत हिसकावण्याची) सुरुवातही तोच करायचा. या सगळ्या कामांसाठी नवीन माणसं आलीही, व्हॅन नीफ, टोराल, ब्रँडन, केरेलिस. त्यांतलं कोणी वाईट नाही. पण चार जागांवरची माणसं एका उन्हाळ्यात बदलली की त्यांना एकमेकांच्या धावा कळायला अर्धा मोसम जातो. आपण तो अर्धा मोसम बरोबऱ्यांमध्ये घालवला.

---

लाल_पट्टा

कोच बदला. ०-५ नंतर वेगळी चर्चा कशाला?

---

सायडलाइन

लाल_पट्टा, राग समजतो. पण आपला कोच क्रॅट्की डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा आधीचा कोच बकिंगहॅम मोसम अर्ध्यावर सोडून ऑक्सफर्डला गेला होता. संघ दुसऱ्याने बांधलेला होता. तोच घेऊन पाच महिन्यांत शील्ड, म्हणजे लीगमधला पहिला नंबर, एका गुणाने हुकली, आपले ४७, मोहन बागानचे ४८, आणि त्यांच्याच मैदानावर ३-१ ने कप आला. त्याच माणसाला यंदा वेगळा संघ मिळाला आणि सहावा नंबर आला. यातून कोच किती चांगला ते ठरत नाही. ठरतं एवढंच, की खेळाडू आणि पद्धत यांचा मेळ यंदा बसला नाही. कोच बदलला तर नवा माणूस जुलैत नवी पद्धत आणणार, परत चार खेळाडू बदलणार, आणि पिव्होट६ म्हणतात तो अर्धा मोसम परत जाणार.

मी त्याच्या बाजूने आहे असं नाही. एक प्रश्न त्याला विचारायलाच हवा: बाहेरच्या मैदानावर, एकाच सामन्याच्या बाद फेरीत, एक गोल मागे पडल्यावर योजना काय होती?

---

निळी_फळी

सामन्याकडे या. रिप्ले बघणार असाल तर बॉलकडे बघू नका. आपण हल्ला करत असताना मागे आपले किती खेळाडू आहेत आणि ते कुठे उभे आहेत, तेवढंच बघा. दोन्ही फुल बॅक एकदम वर गेले की मागे उरतात दोन सेंटर बॅक आणि त्यांच्यापुढे एकटा सहा नंबर, म्हणजे बचावासमोरचा मिडफिल्डर. बॉल गेला की त्या सहा नंबरला जवळपास पूर्ण मैदानाची रुंदी झाकावी लागते. ते कोणालाच जमत नाही. बंगळुरूकडे विल्यम्ससारखा पळणारा विंगर आहे, त्यांना दुसरं काही लागत नाही. पहिला पास बाजूच्या रेषेकडे, दुसरा पास फुल बॅक जिथून निघून गेला त्या मोकळ्या जागेत.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. एक फुल बॅक वर गेला की दुसऱ्याने मध्ये सरकून तिसरा सेंटर बॅक व्हायचं. सहा नंबरच्या जोडीला एक आठ नंबर, म्हणजे मधला मिडफिल्डर, थांबवायचा. म्हणजे मागे तीन अधिक दोन अशी पाच माणसं राहतात आणि पुढे पाच. हल्ला थोडा हळू होतो, पण बॉल गेल्यावर पहिल्या पाच-सहा सेकंदांत आजूबाजूला दोन-तीन माणसं असतात. तिथे बॉल परत मिळतो, किंवा निदान समोरच्याला बॉल मागे खेळावा लागतो.

प्रेसचंही तेच. पुढचे तिघे धावून गेले आणि मागची चौकडी वीस मीटर मागेच राहिली, तर मधे मोकळं मैदान तयार होतं. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतर तीस-पस्तीस मीटरच्या वर गेलं की प्रेस न केलेला परवडतो. सुरेश आणि नोगेरासारख्यांना वळून वर बघायला दोन सेकंद पुरतात.

गोलांच्या वेळाही बघा. मध्यंतराला ०-२. परतीचा सामना नाही, म्हणजे धोका पत्करणं भाग होतं. तिथून तीन गोल शेवटच्या तीस मिनिटांत आले. ते तीन मी वेगळे मोजते. दोन मागे असताना संघ उघडणारच, आणि उघडल्यावर आणखी पडणारच. मोसमाचा धडा पहिल्या ४५ मिनिटांत आहे.

---

लाल_पट्टा

उघडायचंच होतं तर मध्यंतरालाच दोन बदल का नाही? बदल करायला सामन्यात तीनच संधी असतात, पण मध्यंतरातले बदल त्यांत धरत नाहीत. पाच बदल असतात, ते राखून काय मिळतं?

---

निळी_फळी

हा मुद्दा बरोबर आहे. एक सामना, दोन गोल मागे, तर मध्यंतराला दोन आणि साठाव्या मिनिटाच्या आत आणखी एक बदल हा हिशेब तयार असायला हवा. पण बाकावर कोण आहे यावरही ते ठरतं. सामना फिरवू शकेल असा दुसरा स्ट्रायकर आपल्याकडे यंदा नव्हता. गोल पाहिजेत म्हणजे केरेलिस. तो थकला किंवा बांधला गेला की दुसरा रस्ता नाही.

---

अंधेरी_लोकल

अठरा दिवसांच्या खंडाबद्दल कोणी बोललं नाही. ११ मार्च ते २९ मार्च. मधे शिलाँगला भारताचे दोन सामने, १९ ला मालदीवशी आणि २५ ला बांगलादेशशी. आपले छांगते, मेहताब, ब्रँडन भारताच्या यादीत होते.

---

सायडलाइन

बंगळुरूचे छेत्री, भेके, सुरेशही यादीत होते. खंड दोघांना सारखाच होता, त्यामुळे ते कारण मी मानत नाही. खंड वापरला कसा हा प्रश्न योग्य. असा पंधरवडा मिळाला की नेहमीचा क्रम असा असतो: दोन-तीन दिवस पूर्ण सुट्टी, मग चार-पाच दिवस जोराचा सराव, नवव्या-दहाव्या दिवशी बंद दाराआड नव्वद मिनिटांचा सराव सामना, शेवटच्या तीन-चार दिवसांत भार कमी आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक). राष्ट्रीय संघातून २५ तारखेला खेळून येणाऱ्याला क्लबबरोबर जेमतेम दोन सराव मिळतात. त्यामुळे २-० जिंकलेल्या सामन्याचीच योजना परत वापरायचा मोह होतो, आणि हरलेल्या संघाने त्यावर अठरा दिवस अभ्यास केलेला असतो.

---

गणिती_गोली

गुणतक्त्यावर थोडं.

आपले ३६ गुण: ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव. तिसऱ्या नंबरच्या बंगळुरूचे ३८, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूरचेही ३८. तिसरा आणि चौथा संघ बाद फेरी घरी खेळतात, पाचवा-सहावा बाहेर. नऊपैकी फक्त दोन बरोबऱ्या जिंकल्या असत्या तर ४ गुण वाढून ४० झाले असते. तिसरा नंबर आणि सामना अंधेरीत, आपल्या मैदानावर.

पराभव फक्त सहा! तिसऱ्या नंबरसाठी तेवढं पुरेसं होतं. नुकसान बरोबरींनी केलं. म्हणून पिव्होट६ यांचं म्हणणं पटतं, गोल कमी पडले. दुसऱ्या नंबरच्या गोव्याचे मात्र ४८ होते, तिथपर्यंत पोचायला सहा बरोबऱ्या जिंकाव्या लागल्या असत्या. म्हणजे थेट उपांत्य फेरी या संघाच्या आवाक्यात नव्हती, हेही मान्य करायला हवं.

---

पिव्होट६

आता फॉरेनर्सचं गणित. नोंदणी सहांची, मैदानावर एका वेळी चार. हे चार कुठे लावता यावर संघाचा आकार ठरतो.

भेके होता तेव्हा सेंटर बॅकला भारतीय जोडीदार पक्का होता, म्हणून मागे एकच फॉरेनर पुरायचा आणि पुढे तीन राहायचे. तो गेल्यावर तिरी आणि क्रुमा एकत्र उतरले की चारांपैकी दोन मागेच खर्च होतात. मग सहा नंबरला व्हॅन नीफ, नऊला म्हणजे स्ट्रायकरला केरेलिस, आणि टोराल बाकावर. टोरालला उतरवायचं तर कोणाला तरी काढा. सर्जनशील दहा नंबर आणि स्ट्रायकर यांच्यात निवड करावी लागणारा संघ २४ सामन्यांत २९ गोल करतो, यात नवल नाही.

भारतीय सेंटर बॅक शोधणं हे माझ्या यादीत पहिलं काम आहे, स्ट्रायकरच्याही आधी. मेहताबच्या जोडीला तसाच एक, शक्यतो डाव्या पायाचा, म्हणजे मागून डावीकडे पास देताना बॉल उजव्या पायावर घ्यायला वेळ जात नाही. तो मिळाला की पुढे एक फॉरेनर आपोआप वाढतो. दुसरं काम, दुसरा स्ट्रायकर. तिरी आणि केरेलिस दोघंही ३३ वर्षांचे आहेत. त्यांना काढा असं म्हणत नाही, पण दोघांवर पूर्ण मोसम टाकू नका.

---

उत्तर_स्टँड

छांगते आणि बिपिन यांच्याबद्दल काय वाटतं? २०२१ च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करणारा बिपिन, २०२४ च्या अंतिम सामन्यात गोल करणारा बिपिन. यंदा दोन्ही विंग गप्प वाटल्या.

---

निळी_फळी

विंगर एकटा गप्प होत नसतो. छांगतेला धावेत बॉल लागतो, पायात नाही. मधून तो पास देणारा गेला की त्याला बाजूच्या रेषेवर, पाठ गोलकडे करून बॉल मिळतो, आणि समोर दोघं उभे असतात. विक्रम प्रताप २३ वर्षांचा आहे, त्याला सलग सामने हवेत. पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत विंगर घडत नाही.

---

कागदपत्र

खरेदीवर बोलताय तर वेळापत्रक लक्षात घ्या. आपल्याकडे बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात. करार संपायच्या आधीचे शेवटचे सहा महिने खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो, फिफाचा नियमच आहे. म्हणजे या उन्हाळ्यात मोकळे होणारे चांगले भारतीय खेळाडू डिसेंबरपासूनच बोलणी करतायत. एप्रिलमध्ये यादी काढायला बसलो तर उरलेल्यांतून निवडावं लागतं, नाहीतर ट्रान्स्फर फी भरून अपुइयासारखा करारातला माणूस उचलावा लागतो. तो आपल्याकडून तसाच गेला.

तेव्हा क्लबकडे मागणी करायची तर नेमकी करा: ज्यांचे करार २०२६ मध्ये संपतात त्यांच्याशी या जून-जुलैतच बोला. शेवटच्या वर्षात गेलेला खेळाडू हातातून सुटलेलाच समजा. २०२४ च्या उन्हाळ्याचा खरा धडा हा आहे.

---

कूपरेजवाला

सगळे सेंटर बॅक आणि स्ट्रायकर बोलतायत. लीगचं काय होणार हे कोणी विचारत नाही. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा करार डिसेंबर २०१० चा, पंधरा वर्षांचा, तो डिसेंबर २०२५ मध्ये संपतो. त्याच करारावर आयएसएल उभी आहे. फेडरेशनला त्यातून वर्षाला ५० कोटी मिळतात. नवा करार झाला नाही तर प्रक्षेपण, प्रायोजक, मोसमाच्या तारखा, सगळं अडतं. तारखा नसतील तर चांगला फॉरेनर सही करणार नाही, कारण त्याला पगार कधीपासून ते सांगता येत नाही.

या शहराला यापूर्वी दोनदा फटका बसला आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लब बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. दोन्ही वेळा प्रेक्षक होते, खेळाडू होते, कूपरेजचं मैदान होतं. पैसे लावणाऱ्यांना पुढचं दिसेना. आज, मार्च २०२५ मध्ये, आपल्याकडे सिटी फुटबॉल ग्रुपचा ६५ टक्के हिस्सा आहे, २०१९ पासून, म्हणून आपण निर्धास्त आहोत. मी निर्धास्त नाही. अंधेरीचं मैदान दहा हजारांच्याही आत मावतं, तिकिटांवर क्लब चालत नाही. लीगचाच पाया हलला तर मालक कितीही मोठा असो, तो हिशेब करणारच.

---

अंधेरी_लोकल

कूपरेजवाला, हे वाचून ०-५ पेक्षा जास्त काळजी वाटली. चाहते म्हणून आपण काय करू शकतो?

---

कूपरेजवाला

मोठ्या करारात आपला हात नाही. पण ज्या गोष्टी क्लबला शहरात रुजवतात त्या मागता येतात. सगळ्यात आधी मुंबईची मुलं. आझाद मैदानावर शाळांच्या स्पर्धा होतात, वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर आणि कूपरेजवर मुंबई फुटबॉल असोसिएशनची लीग चालते. नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते, ते याच शहरात खेळायचे. राहुल भेके याच शहराचा, आपल्या कपविजेत्या संघाचा कप्तान, आणि काल समोरच्या संघाचा खेळाडू.

व्यवहारात काय करता येईल? जुलै-ऑगस्टमध्ये ड्युरंड कप असतो, आयएसएल २०२३ आणि २०२४ मध्ये सप्टेंबरमध्ये सुरू झाली. मुंबईत त्या काळात गवताच्या मैदानावर रोज सराव अशक्य, पाणी साचतं, माती सुटते, घोटे आणि गुडघे जातात. मुख्य संघ पावसाबाहेर तयारीला न्या, आणि ड्युरंडला अकादमीची मुलं दोन-तीन अनुभवी खेळाडूंसोबत उतरवा. नेथन रॉड्रिग्जसारखा फुल बॅक मुख्य संघात टिकू शकतो, तर त्याच्या मागून आणखी दोघं यायला हवेत. घरचा भारतीय खेळाडू तयार झाला की पिव्होट६ यांचं फॉरेनरचं गणितही सुटतं.

---

लाल_पट्टा

हे मान्य. कोचवरचं मत मी राखून ठेवतो, पण भेकेला जाऊ देणं ही चूक कोचची नव्हती.

---

गणिती_गोली

सुपर कपचा ड्रॉ आला. भुवनेश्वर, एप्रिलच्या शेवटी, सरळ बाद पद्धत. पहिला सामना चेन्नईयिनशी, म्हणजे लीगमधल्या अकराव्या नंबरशी. चार सामने जिंकले की कप, आणि विजेत्याला एएफसी चॅम्पियन्स लीग टूची पात्रता फेरी. आशियात परत जायचा यंदाचा हा एकच रस्ता उरला आहे.

---

निळी_फळी

मग या स्पर्धेत काय बघायचं ते आत्ताच ठरवू. मेहताबच्या जोडीला एकच फॉरेनर लावून पुढे तीन खेळवून बघतात का? फुल बॅक एका वेळी एकच वर जातो का? विक्रम प्रतापला पूर्ण नव्वद मिनिटं मिळतात का? आणि एप्रिलच्या उन्हात भुवनेश्वरला सामने जवळजवळ असतील, तर सलग तीन सामन्यांत तोच अकराचा संघ उतरवू नये. हॅमस्ट्रिंग तिथेच जातात.

---

पिव्होट६

यात माझी एक भर. टोराल आणि केरेलिस एकत्र सुरुवात करतात का ते बघा. २४ सामन्यांत ज्याचं उत्तर नीट मिळालं नाही ते या आठ-दहा दिवसांत मिळू शकतं, आणि ३१ मेच्या आधी मिळालं तर करार त्यावर ठरवता येतील.

---

उत्तर_स्टँड

चेन्नईयिनच्या सामन्यासाठी वेगळा धागा काढतो, लाइन-अप आला की तिथे टाकेन. कराराची मागणी आणि अकादमीचा मुद्दा असं एक पत्र क्लबला लिहायचं आहे. कागदपत्र आणि कूपरेजवाला, मसुदा तुम्ही दोघांनी करावा ही विनंती. एक पान पुरे, मागण्या तीनच, आणि प्रत्येक मागणीपुढे महिना लिहा.

---

कागदपत्र

करतो. पहिली मागणी: २०२६ मध्ये करार संपणाऱ्या प्रत्येक भारतीय खेळाडूशी बोलणी, ३१ जुलैच्या आत. बाकी दोन कूपरेजवाला यांनी पाठवाव्यात.